ऑनलाइन फिटनेस कोचचा फॉर्म: सही करण्याआधी रुग्णांनी काय पाहावे?

ऑनलाइन फिटनेस कोचकडे नाव नोंदवताना मोबाइलवर एक लांबलचक फॉर्म येतो. बहुतेक जण तो न वाचताच 'मान्य आहे' वर टिक करतात. तुम्हाला मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर मात्र तो नीट वाचा. त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: कोचला कायदेशीर संरक्षण देणाऱ्या अटी आणि तुमच्या तब्येतीचे प्रश्न.

'काही झाल्यास कोच जबाबदार नाही'

अशी अट असण्यात गैर काही नाही. सगळे नीट करूनही स्नायू दुखावू शकतो आणि त्याचा दोष कोचवर येऊ नये, हे रास्तच आहे. पण सही केली म्हणजे आपले सगळे हक्क संपले, हा समज चुकीचा आहे. पैसे देऊन घेतलेले कोचिंग ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा आहे. छातीत दुखतंय असे सांगूनही कोचने 'अजून दहा मारा' म्हटले, तर केवळ आधी सही घेतली होती म्हणून त्याची सुटका होईलच असे नाही. कोच दुसऱ्या राज्यात असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची असते. आधी माहिती हवी असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. कोच परदेशात असेल, तर भरपाई प्रत्यक्षात मिळवणे अवघड जाते.

तब्येतीचे प्रश्न

डॉक्टर म्हणून मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. अनेक कोच कॅनडात तयार झालेली 'पार-क्यू' ही सात प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. हृदयाचा त्रास, छातीत दुखणे, चक्कर, हाडा-सांध्यांची दुखणी, चालू औषधे असे साधे प्रश्न असतात. 'हो' लिहिले तर डॉक्टरांची चिठ्ठी मागतील, म्हणून काही जण सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होतात.

असे करू नका. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल, तर व्यायामाने साखर अचानक उतरू शकते. तेव्हा फुटणारा घाम आणि व्यायामाचा घाम कॅमेऱ्यातून सारखाच दिसतो. मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावरून 'अजून जोर लावा' म्हणणे धोक्याचे ठरते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर श्वास रोखून जड वजन उचलल्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. आणि पुढे वाद झालाच, तर दडवलेली माहिती तुमचीच बाजू कमकुवत करते.

औषधे कोच ठरवत नाही

'गोळी बंद करा, माझा डाएट पुरेसा आहे' असे सांगणाऱ्या कोचपासून लांब राहा. औषध सुरू किंवा बंद करणे हे नोंदणीकृत डॉक्टरचे काम आहे. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणे हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ नुसार गुन्हा आहे. आहारातला बदलही निरुपद्रवी नसतो. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना भात-पोळी एकदम बंद करून कीटो आहार घेतल्यास, साखर फारशी न वाढताही रक्तात घातक प्रमाणात आम्ल साचू शकते. कोचने असा सल्ला दिला असेल, तर ते मेसेज जपून ठेवा आणि आम्हाला दाखवा.

तुमच्या घरातलेच कोणी अशी ऑनलाइन बॅच घेत असेल, तर त्यांनाही हे सांगा. भरलेली प्रश्नावली, डॉक्टरांची चिठ्ठी, 'आज चक्कर येतेय' म्हणणाऱ्याला थांबवल्याची नोंद आणि व्यावसायिक दायित्व विमा यांचा आधार 'आम्ही जबाबदार नाही' या एका ओळीपेक्षा कितीतरी भक्कम असतो.

डॉक्टरांकडे जाताना कोचने दिलेला आठवड्याचा प्लॅन आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. नुसते 'व्यायाम चालेल' एवढे लिहून घेऊ नका. किती वजन, नाडी कितीपर्यंत, काय टाळायचे, हे चिठ्ठीत मागा. कोचकडे घराचा पूर्ण पत्ता आणि घरातल्या एखाद्याचा नंबर देऊन ठेवा. स्क्रीनपलीकडून १०८ ला फोन करायची वेळ आली, तर रुग्णवाहिका कुठे पाठवायची हे त्याला सांगता आले पाहिजे.