पिवळ्या बसमधली रिकामी पेटी

मागील हिवाळ्यातील गोष्ट. न्यू जर्सीतील आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाची चौथीत शिकणारी मुलगी शाळेच्या बसने घरी परतत असताना तिच्या नाकाचा घोळणा फुटला. चालकबाईंनी बस सुरक्षित जागी कडेला घेतली, आसनाच्या वर बसवलेली प्रथमोपचार पेटी उघडली आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. पेटीत एक बोथट कात्री होती, मुदत उलटून गेलेल्या मलमाची पुडी होती आणि चॉकलेटचे दोन चुरगळलेले कागद होते. कापसाचा बोळा नव्हता, हातमोजे नव्हते. बाईंनी गळ्यातला स्वतःचा मफलर काढून मुलीच्या हाती दिला. पुढील रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर त्या मुलीनेच हा प्रसंग हसत हसत सांगितला. मुले हसली. आम्ही पालक मात्र एकमेकांकडे पाहू लागलो, कारण आमच्यापैकी एकानेही आपले मूल रोज ज्या बसमध्ये बसते तिच्या आत पाऊल ठेवलेले नव्हते.

आम्ही बहुतेक जण पायी शाळा गाठलेल्या पिढीचे. काहींच्या वाट्याला एसटी आली, काहींच्या वाट्याला दहा दप्तरे लटकवलेली रिक्षा. त्यामुळे अमेरिकेतील पिवळी बस दारासमोर थांबली, तिचा लाल थांबा-फलक उघडला आणि दोन्ही बाजूंची वाहने जागच्या जागी उभी राहिली, की आम्हांला वाटे, आता काळजीचे कारण उरले नाही. या विश्वासाला आधार आहेच. एप्रिल १९३९ मध्ये फ्रँक सायर यांनी देशभरातील प्रतिनिधींची एक परिषद भरवली आणि शाळेच्या बसचे समान निकष प्रथमच ठरवले. बसचा पिवळा रंगही तिथलाच. ही परिषद न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात भरली होती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या विद्यापीठात शिकले, तेच हे कोलंबिया. बसथांब्यावर उभे असताना आम्हांला आता हे नाते आठवल्याशिवाय राहत नाही.

परंतु निकष बस कशी बांधावी हे सांगतात. बांधलेल्या बसमधली पेटी दर आठवड्याला कोणी भरायची, हे त्या त्या गावातील माणसांवर येऊन ठेपते. प्रथमोपचार पेटीत काय असावे याचे नियमही राज्याराज्यांत वेगळे आहेत. आम्ही वाहतूक कार्यालयात विचारणा केली, तेव्हा वर्षारंभी सर्व पेट्या तपासल्या असल्याचे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते. पेटी सप्टेंबरात भरलेली होती, आणि घोळणा फुटला होता फेब्रुवारीत.

मग परवानगी काढून आम्ही चौघे पालक एका शनिवारी बसच्या आगारात गेलो. त्याच चालकबाईंनी आम्हांला तासभर सर्व काही दाखवले. वीस वर्षे बस चालवणाऱ्या या बाईंना त्याआधी कोणा पालकाने काही विचारले नव्हते, हे ऐकून आम्ही ओशाळलो.

पेटी रिकामी का होते? चोरी हे त्याचे सर्वांत लहान कारण. रोज कोणाचे तरी ढोपर खरचटते, चिकटपट्टी दिली जाते आणि तिची नोंद राहत नाही. एखादी बस दुरुस्तीला गेली की बदली बस निघते. तिच्यात काही उणे असले तर शेजारच्या बसमधून उचलले जाते आणि परत ठेवायचे राहून जाते. उन्हाळ्यात बंद बस भट्टीसारखी तापते, त्यामुळे पट्ट्यांचा डिंक सुटतो आणि मलमे बिघडतात. एपिनेफ्रिनचे इंजेक्शन तर २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते. ज्यांच्या मुलांना शेंगदाण्याची वा अन्य कशाची तीव्र अॅलर्जी आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे. हे औषध रात्रंदिवस बसमध्ये पडून राहता कामा नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि शाळेच्या परिचारिकेला विचारून ते मुलासोबतच जावे-यावे.

आमच्यातील एकाने सहज सुचवले, पेटीला कुलूप का लावू नये? बाई हसल्या. किल्ली शोधण्यात दोन मिनिटे गेली तर ती पेटी नसल्यासारखीच. सामान हाताशी हवे आणि हात लागला तर कळायलाही हवे, ही खरी अडचण. तिच्यावरचा उपाय मात्र आठ-दहा पैशांचा (सेंट म्हणायला आमची जीभ अजून वळत नाही). क्रमांक छापलेले प्लास्टिकचे बारीक सील पेटीच्या कडीत अडकवायचे. बोटाच्या हिसक्याने ते तुटते, पण तुटलेले पुन्हा जुळत नाही. सकाळच्या तपासणीत चालक क्रमांक पाहतो. सील शाबूत असेल तर पेटी उघडून मोजण्याची गरज नाही. तुटलेले असेल तर पेटी मोजून, भरून, नवा क्रमांक नोंदायचा. वमन वा रक्त साफ करण्याच्या दुसऱ्या पेटीलाही हेच लागू. तिच्यात ओल शोषणारी भुकटी, हातमोजे, खरवडणे आणि पिशवी असते, आणि प्रत्यक्षात सर्वांत आधी संपते ती हीच पेटी.

अग्निशामकाचे वेगळे. तो साधारणतः पाच पौंडांचा, कोरड्या भुकटीचा असतो. दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, खिळ जागेवर व तिचे सील अभंग आहे ना, वार्षिक तपासणीच्या चिठ्ठीवरील तारीख उलटली नाही ना, एवढे चालकाला रोज पाहता येते. त्याहून अधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे त्याची खोबण. पट्टा सैल असेल तर जोरात ब्रेक लागताच तोच सिलिंडर मुलांच्या दिशेने उडू शकतो. न्यू जर्सीत १९९२ पासून नव्या शालेय बसना आसनपट्टे सक्तीचे आहेत. म्हणून पट्टा कापण्याची सुरीही चालकाला बसल्या जागेवरून हाती येईल अशी हवी. आमच्या बसमध्ये ती होती, पण तीन परावर्तक त्रिकोणांच्या डब्याखाली दबलेली.

पाच पौंडांची भुकटी दहा-पंधरा सेकंदांत संपते. म्हणून आग दिसली की आधी मुले बाहेर, मग सिलिंडर. १२ डिसेंबर २०१७ रोजी आयोवा राज्यातील ओकलंडजवळ एक शालेय बस मागे घेताना चरात अडकली, तिच्या इंजिनाकडून आग पसरली आणि चालक व एक विद्यार्थिनी दगावली. त्यानंतर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने इंजिनातच आग विझवणारी यंत्रणा बसवण्याची शिफारस केली.

आणखी एक अपघात आम्हांला अधिक जवळचा वाटतो, कारण ती शाळेची फेरी नव्हती. ती एका प्रार्थनासमूहाची सहल होती. १४ मे १९८८ च्या रात्री केंटकीतील कॅरलटनजवळ, करमणूक उद्यानातून परतणाऱ्या एका चर्चच्या बसला मद्यधुंद चालकाच्या पिकअपने उलट दिशेने येऊन धडक दिली. बस मुळात शाळेची होती, सेवेतून काढून चर्चला विकलेली. नवे संघीय सुरक्षा निकष १ एप्रिल १९७७ पासून लागू झाले. ही बस त्याच्या काही दिवस आधीच तयार झाली होती. धडकेत इंधनटाकी फुटली, पुढचे दार अडले. उरली मधली अरुंद वाट आणि मागचे एकच आपत्कालीन दार. त्या वाटेत खाद्यपेयांचा कूलर ठेवलेला होता. सत्तावीस जण गेले, त्यांतील बहुतेक मुले. धडकेने कोणीही मेले नाही, सारे आगीने आणि धुराने गेले. पुढे केंटकीने आपल्या शालेय बसमधील आपत्कालीन वाटा वाढवल्या.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमचीच छायाचित्रे आठवली. जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही दरवर्षी अशीच पिवळी बस भाड्याने घेतो. छायाचित्रांत मुले निळे झेंडे हलवताना दिसतात, आणि मागच्या दाराला टेकून मसालेभाताची पातेली, बर्फाची पेटी, ढोलकी, सतरंज्यांची वळकटी. पातेली घसरू नयेत म्हणून एकदा आम्हीच दाराची मूठ दोरीने बांधली होती. संघीय नियमाप्रमाणे आपत्कालीन दार कुलूपबंद असेल तर शालेय बसचे इंजिन सुरूच होत नाही. दोरी मात्र त्या यंत्रणेला कळत नाही.

यंदा पातेली दोन मोटारींतून गेली. निघण्यापूर्वी चालकाने मागचे दार उघडून दाखवले, घंटी वाजली, मोठ्या मुलांनी खाली उतरून लहानांना कसे उतरवायचे ते करून पाहिले. दहा मिनिटे लागली आणि काही ज्येष्ठांनी उशीर झाल्याची कुरकुरही केली. पेटीच्या सीलचा क्रमांक वहीत टिपण्याचे काम त्या घोळणा फुटलेल्या मुलीकडे होते. परतताना सील तुटलेले होते. एका मुलाचे कोपर कार्यक्रमस्थळी खरचटले होते. तिने पेटी स्वतः मोजली, वहीत "पट्ट्या दोन, हातमोज्यांची जोडी एक" असे लिहिले आणि नवे सील लावून त्याचा क्रमांक चालकाला मोठ्याने वाचून दाखवला.