समाजसेवेचें विद्यापीठ

विद्यापीठ म्हटलें कीं व्याख्यानें, परीक्षा, पदवीदान आणि ग्रंथालयांतील शांतता हींच सर्वसाधारणपणें डोळ्यांपुढें उभीं राहतात. दारिद्र्य, रोगराई आणि निराधारपणा यांचा विचार सरकारनें किंवा धर्मादाय संस्थांनीं करावा, असा समज पुष्कळ सुशिक्षितांच्याहि मनांत असतो. हा समज अपुरा आहे. दुःखितांस अन्नवस्त्र देणें ही दया होय. परंतु तें दुःख कोठून उद्भवलें, तें पुन्हां उद्भवूं नये म्हणून काय करावें आणि योजलेला उपाय खरोखर लागू पडला कीं नाहीं, हें पाहणें शास्त्राचें काम आहे. मुंबईच्या देवनार भागांतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचें कार्य या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

या संस्थेचें मूळ वर्गांत नसून वस्तींत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनीं १९२६ सालीं नागपाड्याच्या दाट वस्तींत 'नेबरहुड हाऊस' हें सेवाकेंद्र काढलें. अशा कामास सद्भावना पुरत नाहीं, त्याचें रीतसर शिक्षण लागतें, हा विचार त्यांतूनच बळावला. सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्यानें १९३६ सालीं समाजकार्याचें पदव्युत्तर विद्यालय निघालें. या प्रकारचें भारतांतील तें पहिलेंच. मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ सालीं त्याला आजचें नांव मिळालें आणि १९६४ सालीं अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हां येथील शिक्षक व विद्यार्थी कुरुक्षेत्राच्या छावणींत कामास गेले होते.

संस्थेची रीत थोडक्यांत अशी आहे. प्रश्नाची प्रत्यक्ष पाहणी करावयाची. सुचलेला उपाय लहान प्रमाणावर करून पाहावयाचा. दिसतील ते दोष दुरुस्त करावयाचे. आणि उपाय सिद्ध झाला म्हणजे तो शासनाच्या किंवा समाजाच्या स्वाधीन करावयाचा. नवें बियाणें आधीं प्रयोगशेतांतल्या चार वाफ्यांत पेरून पाहतात, तसाच हा प्रकार होय.

घरांत मारहाण सोसणारी स्त्री मोठ्या धैर्यानें पोलीस ठाण्याची पायरी चढते. परंतु 'घरगुती भांडण' म्हणून तिची बोळवण होण्याचा संभव असतो. १९८४ सालीं संस्थेनें मुंबई पोलिसांच्या सहकार्यानें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्याच आवारांत समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती बसूं लागली. ती तक्रार ऐकून घेई, धीर देई आणि कायद्याचा मार्ग दाखवी. पुढें महाराष्ट्र शासनानें ही योजना आपलीशी केली व इतर राज्यांतहि तिचें अनुकरण झालें. १९९६ सालीं संकटांतील मुलांसाठीं मुंबईंत सुरू झालेली १०९८ या क्रमांकाची दूरध्वनिसेवा हीहि येथलीच. तीहि देशभर पसरून शासकीय यंत्रणेचा भाग झाली.

आरोग्याचा प्रश्न तरी समाजाच्या प्रश्नापासून वेगळा कोठें आहे? मनोरुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला पुष्कळदां घरचे परत घेत नाहींत. औषधानें आजार आटोक्यांत येतो. पण राहण्यास जागा आणि हातास काम नसेल, तर ती फिरून रुग्णालयाच्याच दारीं येते. २०११ सालीं सुरू झालेला 'तराशा' हा प्रकल्प अशा स्त्रियांना निवारा, शिक्षण आणि रोजगार मिळवून देण्यासाठीं झटतो.

अशा पाहणीचें मोल काय, तें बिहारांत दिसून आलें. त्या राज्याच्या समाजकल्याण खात्यानें निवारागृहांची तपासणी संस्थेच्या 'कोशिश' या प्रकल्पाकडे सोपविली होती. ११० संस्था पाहून झाल्यावर २०१८ सालीं अहवाल सादर झाला आणि मुझफ्फरपूर येथील मुलींच्या निवारागृहांत चाललेले लैंगिक अत्याचार त्यामुळें उघडकीस आले. चौकशी होऊन २०२० सालीं न्यायालयानें १९ जणांना दोषी ठरविलें. ज्या मुलींचें ऐकण्यास कोणी नव्हतें, त्यांचें म्हणणें एका अहवालाच्या रूपानें शासनाच्या व न्यायासनाच्या कानीं पडलें.

मात्र या कार्यास मर्यादाहि आहेत. असे प्रकल्प बहुधा मुदतीच्या अनुदानावर चालतात. मुदत सरली कीं अनुभवी कार्यकर्ते विखुरतात. दुसरें असें कीं, सिद्ध झालेला उपाय शासनानें स्वीकारला तरी त्यामागची आस्था केवळ आदेशानें हस्तांतरित होत नाहीं. कक्ष तोच राहील, दूरध्वनीचा क्रमांकहि तोच राहील. पण पलीकडून ऐकणारें माणूस शिकलेलें आणि सहृदय नसेल, तर योजना नांवापुरतीच उरेल. म्हणून प्रकल्प हातावेगळा झाला तरी विद्यापीठाची जबाबदारी संपत नाहीं. तशीं माणसें सतत तयार करीत राहणें आणि दिलेला उपाय लोकांच्या उपयोगीं पडतो कीं नाहीं, हें पुनःपुन्हां तपासणें, यांतच त्याच्या विद्येचें सार्थक आहे.