औट्रमसाहेबाची बंदूक

धरणगावच्या आमच्या वाड्यात माजघराच्या खुंटीवर एक दुनळी बंदूक असे. खापरपणजोबांना ती औट्रमसाहेबाने स्वहस्ते दिली, असे आजी सांगायची. जेम्स औट्रमने १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावात होते, हा इतिहास खराच. त्यामुळे आजीच्या गोष्टीवर शंका घ्यायचे कुणाला कारण पडले नाही.

दोन वर्षांपूर्वी थोरले बंधू गेले. परवाना त्यांच्या नावे. परवानेदार गेला की वारसाने हत्यार घरात ठेवायचे नसते. ते जमा करून मग स्वतःच्या नावे अर्ज करायचा. ‘एवढ्या जुन्या वस्तूला कसला परवाना?’ असे चारचौघांनी सुचवले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुराणवस्तूंना सूट आहे, पण दुरुस्त करूनही जी चालणार नाहीत अशाच हत्यारांना. आमचा घोडा तर अजून खटकन पडत होता. बँकेत उभा जन्म दुसऱ्यांची कागदपत्रे तपासण्यात गेला, तेव्हा स्वतःचे कागद अपुरे ठेवणे जमले नसतेच.

परवाना आला त्या संध्याकाळी पुतण्या म्हणाला, “नाना, यंदा दसऱ्याले शेतात एक बार काढूच!” खरे सांगतो, मोह मलाही झाला.

तरी आधी बंदूक एका परवानाधारक कारागिराकडे नेली. त्याने पहिल्यांदा ती उघडून आत काडतूस नाही ना, हे पाहिले. मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून उजेडाकडे धरल्या. उजव्या नळीतून उजेड आला, डावीतून आला नाही. आत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते! तशीच उडवली असती तर नळी फुटली असती, आणि फुटते तिथेच नेमका डावा हात असतो.

मातीचे घर निघाले, पण खरी हकिकत नळ्यांच्या पोटाखाली होती. बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे ठसे आणि ‘नॉट फॉर बॉल’ ही इंग्रजी अक्षरे. नळीचे तोंड आवळलेले आहे, छर्रे चालतील, अखंड गोळी घालू नका, असा त्याचा अर्थ. हा ठसा १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात मारला जाई. औट्रम तर १८६३ सालीच वारला.

नळ्यांवरची लाटांसारखी नक्षी आम्ही शोभेची समजत होतो. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून ठोकल्या की ती उमटते. ‘दमास्कस’ म्हणतात ती हीच नळी. तिची परीक्षा झाली ती काळ्या दारूवर. आजची काडतुसे बिनधुराच्या दारूची. त्यांचा दाब वेगळा, आणि तशा दारूसाठी घेतलेल्या परीक्षेचा ठसा आमच्या बंदुकीवर नाही. त्यात आत गंजाने खड्डे पाडलेले. “हलके काडतूस घातले तर?” मी विचारले. कारागीर म्हणाला, “साहेब, बोटं तुमची.”

बार रद्द झाला. पुतण्या दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाला, “मग आजी खोटं सांगायची का?” मला पटकन उत्तर सुचले नाही. तिला जे सांगितले गेले तेच तिने सांगितले, असे काहीसे पुटपुटलो.

दसऱ्याला बंदूक उघडून, रिकामी, पाटावर ठेवली. शेजारच्या काकू नातवाला घेऊन पूजेला आल्या. “हे पाह्य, हे औट्रमसायबाची बंदूक,” त्या त्याला सांगू लागल्या. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी झेंडूची माळ सारखी करत होतो.