१९४८ : ऑल्डबरो आणि देवास

श्रावणात मांडूला जायचे, रूपमतीच्या महालावरून धुक्याआडची नर्मदा शोधायची आणि वाटाड्याच्या तोंडून बाजबहादूर-रूपमतीच्या गाण्याची कथा ऐकायची, हा माळव्यातल्या आपल्या मराठी घरांचा जुना शिरस्ता. १५६१ साली अकबराची फौज घेऊन अधमखान चालून आला आणि ते गाणे संपले. त्यातला एक सूरही आज कोणाच्या कानी नाही. तरी माळव्याचे संगीत म्हटले की आपण मांडूवरच थांबतो. मला मात्र त्या गच्चीवर बसले की दुसरेच साल आठवते, १९४८ चे. त्याची हकिकत सांगायची तर थेट विलायतेपर्यंत जावे लागते.

त्या वर्षी २८ मे रोजी ग्वाल्हेरीस पंडित नेहरूंच्या हस्ते मध्यभारताचे उद्घाटन झाले. होळकर, शिंदे, धारचे पवार, देवासची थोरली पाती नि धाकटी पाती, सारी संस्थाने त्यात विलीन झाली. राजकारणात ते इष्टच होते. परंतु ज्यांच्या घरची चूल दरबारच्या नेमणुकीवर पेटत असे, त्या गवय्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : आता गाणे कोणाच्या दारी न्यायचे?

बरोबर आठ दिवसांनी, ५ जूनला, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑल्डबरो नावाच्या कोळ्यांच्या लहानशा गावात एक संगीतोत्सव सुरू झाला. तो भरवणाऱ्यांत बेंजामिन ब्रिटन हा तेथला अग्रगण्य संगीतकार आणि त्याचा गायक सोबती पीटर पिअर्स हे प्रमुख होते. लंडनची मोठी नाट्यगृहे सोडून ते आपल्या गावात, गावच्या चर्चमध्ये आणि एका साध्या सभागृहात गाणे घेऊन आले. पहिल्या दिवशी ब्रिटनची 'सेंट निकोलस' ही नवी रचना झाली. तिच्यात दोन ठिकाणी श्रोत्यांनीच उठून स्तोत्र गायचे असते. आपल्याकडे भजनात टाळकऱ्यांमागून सारी सभा धरते, तसेच हे! त्याच महिन्याच्या आधी केंब्रिजला ब्रिटनने 'बेगर्स ऑपेरा' ह्या १७२८ सालच्या नाटकाची रस्त्यावरची जुनी गाणी नव्याने बांधून सादर केली होती.

ह्या उत्सवात व्याख्यान द्यायला एक वृद्ध गृहस्थ आले होते. त्यांचे नाव ई. एम्. फॉर्स्टर. १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खाजगी कारभारी म्हणून काही महिने राहिलेले तेच हे. ब्रिटनवर त्यांचे मोठे ऋण होते. १९४१ साली अमेरिकेत असताना ब्रिटनने फॉर्स्टरांचा एक लेख वाचला. तो ऑल्डबरोचाच कवी क्रॅब ह्याच्यावर होता. तो वाचून ब्रिटनला घरची ओढ लागली आणि त्यातूनच 'पीटर ग्राइम्स' हा त्याचा ऑपेरा निघाला. पुढे १९५१ च्या 'बिली बड' ह्या ऑपेराच्या संहितालेखनात फॉर्स्टर स्वतः सहभागी झाले.

फॉर्स्टर स्वतः पियानो वाजवत. बेथोव्हेन त्यांना जीव की प्राण. देवासच्या वाड्यातली गोकुळअष्टमी त्यांनी डोळे भरून पाहिली, पण झांजा आणि हार्मोनियमच्या अखंड भजनाने त्यांचे कान किटले, असे त्यांची पत्रेच सांगतात. त्याबद्दल त्यांना दोष देणार नाही. हार्मोनियमवरून आपल्याकडेही कमी भांडणे झाली नाहीत. आणि त्यांच्या 'ए पॅसेज टु इंडिया'तल्या मंदिरात नाव ऐकू येते ते तुकारामाचेच.

आता देवासकडे वळू. १९४८ च्याच ३० जानेवारीला, ज्या संध्याकाळी गांधीजी गेले त्याच दिवशी, चोवीस वर्षांच्या आतला एक गवई क्षयाने पोखरलेले फुप्फुस घेऊन मुंबईहून कोरड्या हवेसाठी देवासला पोहोचला. कुमार गंधर्व ऊर्फ शिवपुत्र कोमकळी. गाणे वैद्यांनी बंद केलेले. पत्नी भानुमती शाळेत शिकवून घर चालवी. हा अंथरुणावर पडून ऐके. दारावरून जाणाऱ्या बायांची गाणी, भिक्षेकऱ्यांचे भजन, पाखरे. ब्रिटनने जुनी लोकगीते घेतली आणि त्यांना पियानोची साथ बांधली. कुमारांनी धुनेच्या आत शिरून राग कोठून उगवतो ते पाहिले. त्यांचे 'धुनउगम' राग त्यातूनच आले. माझ्या मते हे दुसरे काम अवघड, आणि ते आवाज न काढता झाले.

खरे सांगायचे तर त्या वर्षी विलायतेकडून आपल्या संगीताला मिळालेली सर्वांत मोठी देणगी संगीताची नव्हतीच. ऑक्टोबर १९४८ मध्ये तेथल्या वैद्यकीय संशोधन मंडळाने क्षयाच्या १०७ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५५ जणांना विश्रांतीसोबत स्ट्रेप्टोमायसिन दिले, बाकीच्यांना नुसती विश्रांती. शोध अमेरिकेचा, पण औषधाचा गुण काट्यावर तोलला गेला तो तेथे. तेच औषध १९५२ च्या सुमारास देवासला त्या खाटेपर्यंत पोहोचले.

ऑल्डबरोला गाव मागे उभे राहिले. १९६७ साली जवळच्या स्नेप येथे जुन्या धान्यकोठीचे मोठे सभागृह झाले, १९६९ ला जळाले, वर्षभरात पुन्हा उभे राहिले. देवासला दरबार गेला तेव्हा मागे उभी राहिली एका शिक्षिकेची पगाराची नोकरी.

१९५३ साली लंडनला फॉर्स्टरांचे देवासवरचे पुस्तक निघाले, 'द हिल ऑफ देवी'. त्याच वर्षी कुमार पुन्हा मैफलीत बसले. ज्या टेकडीचे नाव पुस्तकाला आहे, तिच्याच पायथ्याशी पुढे त्यांचे 'भानुकुल' उभे राहिले.