माणसं वाढवली, काम लांबलं

सॉफ्टवेअरचं काम रखडलं की वरिष्ठांना पहिला उपाय सुचतो तो माणसं वाढवण्याचा. आयबीएममध्येही हेच झालं. ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालिकेची घोषणा एप्रिल १९६४मध्ये झाली, पण तिची कार्यप्रणाली वेळेत पुरी होईना. प्रोग्रॅमर वाढवले, तर उशीर आणखी वाढला. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात त्याची कारणं सांगितली.

भातकापणीला दहा मजूर जास्त लावले तर शेत लवकर मोकळं होतं, कारण तिथे कुणाला कुणाशी फारसं बोलावं लागत नाही. प्रोग्रॅमिंगचं तसं नाही. नवा माणूस विचारतो: ही अट इथे का घातली? ती काढली तर काय बिघडेल? उत्तर फक्त जुन्या जाणत्याकडे असतं आणि तेवढा वेळ त्याचं स्वतःचं काम थांबतं. शिवाय आपसातल्या जोड्या झपाट्याने वाढतात: ५ जणांत १०, १० जणांत ४५, तर ५० जणांत तब्बल १२२५!

ब्रुक्स यांची वेळेची वाटणी मला त्याहून मोलाची वाटते. एक तृतीयांश वेळ नियोजनाला, प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंगला जेमतेम एक षष्ठांश, आणि उरलेला निम्मा चाचण्यांना. आपल्याकडे मुदत जवळ आली की पहिली कात्री चाचण्यांनाच लागते. प्रकल्प तुमच्या हाती असेल, तर तो निम्मा वेळ पहिल्याच बैठकीत मागून घ्या.