जुन्या घरांतील धुराड्यांची दुरुस्ती आणि स्टेनलेस स्टीलची अस्तरनळी

प्रस्तावना :
मराठी भाषिकांच्या नित्य व्यवहारात ‘चिमणी’ म्हटले की स्वयंपाकघरातील विजेवर चालणारे उपकरण किंवा गिरणीचे उंच धुराडे डोळ्यांसमोर येते. शीत प्रदेशांत मात्र शेगडीचा धूर छपराबाहेर नेणारे विटांचे धुराडे हा घराचाच एक भाग असतो. ब्रिटन व अमेरिकेतील अनेक जुन्या घरांत अशी धुराडी आजही वापरात आहेत. ती आतून निकामी झाली तरी बाहेरून सहसा काही दिसत नाही; घरातील माणसांच्या जिवाला मात्र धोका निर्माण होतो. अशा धुराड्यात स्टेनलेस स्टीलची अस्तरनळी, म्हणजेच ‘लायनर’, बसविण्यामागील शास्त्र स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नुकसानीची कारणे :
इंग्लंडमध्ये पूर्वी धुराड्यांना आतून चुना व शेण यांच्या मिश्रणाचा गिलावा करीत. १९६५ च्या इमारत नियमांनंतर तेथे नव्या धुराड्यांना अस्तर आवश्यक ठरले. अमेरिकेत भाजलेल्या मातीच्या नळ्यांचे अस्तर रूढ आहे.

धुरात पाण्याची वाफ व डांबरासारखी द्रव्ये असतात. कोळशाच्या धुरात गंधकाची संयुगेही असतात. धूर थंड होताच ही द्रव्ये भिंतीवर साचतात. त्यांतील आम्लांमुळे चुन्याचे सांधे झिजतात. साचलेले क्रिओसोट पेटल्यास तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते व मातीचे अस्तर तडकते. या तडांतून कार्बन मोनॉक्साइड वायू वरच्या शयनगृहात शिरू शकतो. त्याला रंग नाही, गंध नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो.

२. अस्तरनळीचे कार्य :
या पद्धतीत जुना धूरमार्ग सांधला जात नाही. त्याच्या पोटात नवा धूरमार्ग उभा केला जातो. म्हणून नळीचा व्यास महत्त्वाचा ठरतो. २२५ मिलिमीटर बाजूच्या चौरस धूरमार्गाचे क्षेत्रफळ सुमारे ५०,६०० चौरस मिलिमीटर भरते. १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीचे सुमारे १७,७०० भरते. तेवढाच धूर नळीतून जवळजवळ तिप्पट वेगाने वर जातो, त्याला थंड होण्यास अवधी मिळत नाही आणि क्रिओसोट कमी साचते. मात्र नळी शेगडीच्या धूरमुखापेक्षा अरुंद असता कामा नये.

३. पोलादाची निवड :
केवळ ‘स्टेनलेस’ या नावावर विसंबणे योग्य नव्हे. ३०४ प्रतीच्या पोलादात क्रोमियम व निकेल असतात. ३१६ प्रतीत त्यांशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. त्यामुळे क्लोराइडमुळे पडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांना ही प्रत अधिक दाद देत नाही. लाकडासाठी ३१६ कुळातील प्रती प्रचलित आहेत. कोळशासारख्या खनिज इंधनासाठी ब्रिटनमध्ये अधिक मॉलिब्डेनमयुक्त ९०४ प्रत सुचविली जाते.

४. बसविण्याची पद्धती :
प्रथम धुराडे झाडून घेतात व कॅमेऱ्याने आतील तपासणी करतात. अडथळे व सुटलेले तुकडे काढतात. नंतर लवचीक नळी छपरावरून खाली सोडून शेगडीला जोडतात. तिच्याभोवती उष्णतारोधक वेष्टन किंवा व्हर्मिक्युलाइटचा भराव घालतात. वरच्या टोकाला झाकणपट्टी व पावसापासून संरक्षण करणारी टोपी बसवितात. शेवटी धूर सोडून गळती व ओढ तपासतात.

५. मर्यादा :
कललेले धुराडे किंवा फुटलेला माथा नळीमुळे सुधारत नाही. ते गवंडीकाम वेगळेच करावे लागते. ओले लाकूड जाळल्यास नव्या नळीतही क्रिओसोट साचते. रंग दिलेले लाकूड, प्लास्टिक किंवा समुद्रातून वाहून आलेले खारे लाकूड जाळल्यास उत्तम पोलादही पोखरले जाते. म्हणून नियमित सफाई व कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र यांना पर्याय नाही.

निष्कर्ष :
अस्तरनळीचे यश धातूच्या चकाकीवर नव्हे, तर व्यास, इंधनानुरूप प्रत व उष्णतारोधन या तिन्हींच्या मेळावर अवलंबून असते. यांपैकी एकाकडे दुर्लक्ष झाल्यास दुरुस्त दिसणारे धुराडेही धोकादायक ठरू शकते. परदेशात जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी शेगडी पेटविण्यापूर्वी धुराड्याची आतून तपासणी करून घेणे हिताचे होय.