हस्तलिखितांची साक्ष : बायबलच्या विश्वासार्हतेचा आढावा

नव्या कराराच्या एकाही पुस्तकाची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. पौलाने सांगितले आणि लेखनिकाने उतरवून घेतले ते पत्र, मार्काच्या शुभवर्तमानाची पहिली प्रत, यांतले काहीच उरलेले नाही. आपल्या हाती आहेत त्या नकला आणि नकलांच्या नकला. त्यामुळे बायबलवर किती विश्वास ठेवावा, या प्रश्नाची सुरुवात हस्तलिखितांपासूनच करावी लागते.

या विषयावर दोन ठाम मते नेहमी कानावर येतात. एक म्हणते, अक्षर न् अक्षर जसेच्या तसे आपल्यापर्यंत आले आहे. दुसरे म्हणते, सगळे मागाहून चर्चने रचले. ही दोन्ही मते तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवतात. लेखकाने लिहिलेला मजकूर आपल्यापर्यंत पोचला का? लेखक सांगतो त्या काळाची आणि जागांची त्याला नीट माहिती होती का? आणि त्याने सांगितलेली घटना खरोखर घडली का? प्रत्येक प्रश्नाचा पुरावा वेगळा आहे, म्हणून उत्तरही वेगवेगळे येते.

नकलांची परंपरा

नव्या कराराची साडेपाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते आज नोंदलेली आहेत. काही पूर्ण ग्रंथ आहेत, काही नुसते तुकडे. बहुतेक मध्ययुगीन आहेत, पण थोडी फार जुनी आहेत. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयातला योहानाच्या शुभवर्तमानाचा एक पपायरसचा तुकडा तळहातावर मावेल एवढा आहे. रोमन सुभेदार पिलातापुढच्या येशूच्या चौकशीतल्या काही ओळी त्यावर आहेत. 1935 मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा अक्षराच्या वळणावरून त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध ठरवला गेला. आता काही अभ्यासक तो त्या शतकाच्या अखेरीपर्यंत किंवा त्याच्याही थोडा पुढे असू शकतो असे सांगतात. नुसत्या अक्षरावरून नेमके दशक सांगता येत नाही, हा त्यांचा इशारा रास्तच आहे.

संपूर्ण नवा करार असलेली सर्वात जुनी प्रत म्हणजे चौथ्या शतकातला कोडेक्स सायनाइटिकस. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठात कॉन्स्टंटिन टिशेनडॉर्फ या जर्मन विद्वानाला 1844 मध्ये त्याची काही पाने मिळाली आणि 1859 मध्ये मोठा भाग सापडला. तो भाग रशियाच्या झारकडे गेला. 1933 मध्ये सोव्हिएत सरकारने तो एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला. आज या प्रतीची पाने लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि खुद्द मठात विभागलेली आहेत. तिच्यावर पुन्हा पुन्हा केलेल्या दुरुस्त्या आजही दिसतात. नक्कल करणारा चुकत होता आणि नंतरचे हात ती चूक सुधारत होते.

पाठभेदांचे ओझे आणि मोल

ऑक्सफर्डच्या जॉन मिल यांनी सुमारे तीस वर्षे खपून 1707 मध्ये ग्रीक नवा करार छापला आणि त्यात सुमारे तीस हजार पाठभेद नोंदवले. अनेक भाविक हादरले. आज अंदाज चार लाखांच्या आसपास दिला जातो, म्हणजे नव्या करारातल्या एकूण शब्दांपेक्षाही जास्त. आकडा भयंकर वाटतो, पण यातले बहुतांश भेद शुद्धलेखनाचे, शब्दांच्या मागेपुढे होण्याचे किंवा उघड हस्तदोषाचे आहेत. प्रती वाढल्या की भेदांची संख्या वाढते आणि चूक पकडण्याची साधनेही वाढतात. एकच प्रत उरली असती तर एकही पाठभेद सापडला नसता, आणि तिच्यातली एकही चूक पकडता आली नसती.

तरीही काही भेद मोठे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मार्काची शेवटची बारा वचने सायनाइटिकस आणि व्हॅटिकानस या दोन्ही जुन्या प्रतींत नाहीत. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची योहानातली हृद्य कथा सर्वात जुन्या प्रतींत सापडत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख करणारे वाक्य विद्वान इरॅस्मसने आपल्या 1516 च्या ग्रीक नव्या कराराच्या आवृत्तीत घेतले नव्हते, कारण त्याला ते ग्रीक प्रतींत मिळाले नाही. टीका झाली, एक ग्रीक प्रत पुढे आली आणि 1522 च्या तिसऱ्या आवृत्तीत ते शिरले. हे वाक्य मूळचे नाही, याबद्दल आज अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे, आणि बहुतेक आधुनिक आवृत्त्यांनी ते गाळले आहे किंवा तळटीपेत ठेवले आहे.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. एकनाथांनी शके 1506 मध्ये अनेक प्रती पाहून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची जी शिस्त घालून दिली, ती युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथ आणि बायबल यांच्या पाठशोधनातून घडलेल्या शास्त्राशी जोडलेली होती. दोन्हीकडे संपादकाचा दावा नेमस्त असतो: हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते, तितके आम्ही गेलो.

मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्या

जुन्या कराराची कसोटी 1947 च्या सुमारास लागली. कुमरानजवळच्या गुहेत बेदुईन मेंढपाळांना जुन्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यात यशयाचे सर्व 66 अध्याय असलेली, सात मीटरांहून लांब चामड्याची गुंडाळी होती. तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे शंभर ते सव्वाशे वर्षे. तोवर संपूर्ण हिब्रू बायबलची सर्वात जुनी ज्ञात प्रत इ.स. 1008 ची होती. म्हणजे एका झेपेत हजार वर्षे मागे जाता आले. भेद खूप निघाले, पण यशयाचा संदेश ओळखीचाच राहिला. यहुदी लेखनिकांच्या निष्ठेला याहून मोठी दाद कोणती?

त्याच गुहांनी दुसरी बाजूही दाखवली. यिर्मयाच्या पुस्तकाचे तिथे मिळालेले काही तुकडे प्राचीन ग्रीक भाषांतराशी जुळतात, आणि तो पाठ प्रचलित हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे. एकाच ग्रंथाची दोन रूपे एकाच काळात श्रद्धेने वाचली जात होती.

दगड काय सांगतात

दुसऱ्या प्रश्नाला उत्खनन उत्तर देते. 1961 मध्ये कैसरिया येथे पंतय पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. 1990 मध्ये यरुशलेमजवळ कैफा हे नाव असलेली अस्थिपेटी मिळाली. ती येशूच्या चौकशीतल्या त्याच नावाच्या महायाजकाची असावी असे अनेक जण मानतात. डेल्फीच्या शिलालेखात गल्लियोचा उल्लेख आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला करिंथात ज्याच्यापुढे उभे केले, तोच हा रोमन अधिकारी. त्यामुळे पौलाचे तिथले वास्तव्य इ.स. 51-52 च्या आसपास निश्चित करता येते. 1993 मध्ये तेल दान येथे मिळालेल्या शिलालेखात दाविदाच्या घराण्याचा उल्लेख बहुतेक तज्ज्ञांना दिसतो.

उलट बाजूचेही पुरावे आहेत. लूकाने येशूचा जन्म सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या शिरगणतीशी जोडला. ती शिरगणती इ.स. 6 ची, आणि ज्याच्या काळात हा जन्म सांगितला आहे तो हेरोद राजा त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी वारला होता. हा पेच समाधानकारक सुटलेला नाही. यहोशवापुढे यरीहोची तटबंदी कोसळली असे बायबल सांगते, पण तिथल्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांना त्या काळाशी जुळणारी कोसळलेली तटबंदी मिळाली नाही. नावे आणि पदे जुळतात म्हणून प्रत्येक प्रसंग सिद्ध होत नाही, आणि एक तारीख चुकली म्हणून सगळे पुस्तक खोटे ठरत नाही.

साक्षीदारांचा प्रश्न

तिसरा प्रश्न सर्वात अवघड. बहुतेक अभ्यासक मार्काचे लेखन इ.स. 70 च्या आसपास ठेवतात, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. पौलाची पत्रे त्याहून आधीची, पन्नाशीच्या दशकातली. करिंथकरांना लिहिताना तो येशूच्या मृत्यूची आणि दर्शनांची जी साक्ष देतो, ती आपल्यालाही आधीच्यांकडून मिळाली, असे सांगतो. ख्रिस्ती नसलेल्यांत रोमन इतिहासकार टॅसिटस पिलाताच्या हाती झालेल्या देहदंडाची नोंद करतो. यहुदी इतिहासकार जोसेफस येशूचा भाऊ याकोब याचा उल्लेख करतो; येशूवरच्या त्याच्या दुसऱ्या उताऱ्यात मात्र पुढे ख्रिस्ती हातांनी भर घातल्याचे बहुतेक जण मानतात.

चारही शुभवर्तमानांत तपशिलांचा मेळ बसत नाही. रिकाम्या कबरेपाशी कोण कोण गेले आणि तिथे कोण दिसले, हे चौघे वेगवेगळे सांगतात. पण याच ग्रंथांनी पेत्राने गुरूला नाकारल्याची लाजिरवाणी हकिकत जपली, आणि कबरेच्या पहिल्या साक्षीदार म्हणून स्त्रियांची नावे दिली, जेव्हा स्त्रियांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. सगळेच मागाहून रचायचे असते तर हे प्रसंग असे सोडले नसते. चार वृत्तांतांचे एक गुळगुळीत चरित्र करण्याचा प्रयत्न दुसऱ्या शतकात टेशियन या ख्रिस्ती लेखकाने केला होता. सीरियाच्या चर्चमध्ये ते काही काळ चालले, पण अखेर चार ग्रंथ चारच राहिले, विसंगतींसह.

येशू गालीलात शिकवत होता आणि पिलाताने त्याला वधस्तंभावर चढवले, हे इतिहासाच्या साधनांनी भक्कमपणे सांगता येते. शिष्यांना तो पुन्हा भेटला अशी त्यांची खात्री होती, हेही सांगता येते. ती खात्री खरी होती का, हा निर्णय शिलालेख आणि पपायरस देऊ शकत नाहीत. तिथे वाचकाला स्वतःच उत्तर द्यावे लागते.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. 1922 मध्ये केडगावला त्या वारल्या, आणि दोन वर्षांनी ते भाषांतर प्रसिद्ध झाले. ग्रंथावर प्रेम असेल तर त्याच्या मुळाशी जाण्याचे कष्ट घ्यावेच लागतात. आधुनिक आवृत्त्यांतले कंस आणि तळटीपा याच कष्टांचे फळ आहेत. भाविकाने त्या वगळून वाचू नये आणि टीकाकारानेही नाही. आपल्या शंकेच्या जागा वाचकापुढे उघड्या ठेवणारा ग्रंथ निर्दोष ठरतोच असे नाही, पण तो प्रामाणिकपणे तपासता येतो, आणि माझ्या लेखी विश्वासार्हतेची खरी कसोटी तीच आहे.